गुलमोहर डिसेंबरात फुलतो त्या देशातली प्रेमकथा

प्रश्न : दिवाळी अंकासाठी मी सुट्टीतली एक गोड प्रेमकथा लिहीत आहे. नाशिकची नायिका नाताळच्या सुट्टीत मावशीबरोबर मॉरिशसला जाते आणि तिथे तिला मराठी वंशाचा एक तरुण भेटतो. ज्यांनी कथा वाचली त्यांना ती सहल कंपनीच्या माहितीपत्रकासारखी वाटली. मला खलनायक नको आहे आणि गैरसमजांचा घोळही नको. मग कथेत ताण कुठून आणावा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पाठवलेल्या पानांतला निळा समुद्र, पांढरी वाळू आणि सूर्यास्त कोणत्याही उष्ण देशाला लागू पडतील असे आहेत, आणि माहितीपत्रकाची आठवण होते ती त्यामुळेच. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने तिथे डिसेंबर हा ऐन उन्हाळा असतो. आपल्याकडे वैशाखात फुलणारा गुलमोहर तिथे नाताळच्या तोंडावर लालभडक झालेला असतो, बाजारात लिची आलेली असते, आणि शाळेचे वर्ष नोव्हेंबरात संपल्यामुळे मुलांना मोठी सुट्टी लागलेली असते. आपली नायिका मात्र नाशिकच्या थंडीतून, अंगात स्वेटर घालून निघाली आहे. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच तो स्वेटर काढून हातावर घेताना ती जे पाहील, तिथून कथा सुरू करा. उसाच्या पांढऱ्या तुऱ्यांचे जे वर्णन आपण केले आहे ते वगळावे, कारण तिथे तुरे येतात ते जून-जुलैच्या सुमारास.

ऊन हे सजावटीसाठी न वापरता दिवसाचे वेळापत्रक ठरवण्यासाठी वापरा. त्या दिवसांत दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे आपण लिहिलेला भर दुपारचा वाळूतला फेरफटका वाचकाला खरा वाटत नाही. भेटी सकाळी लवकर घडू द्या किंवा चारनंतर फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर, सुरूच्या सावलीत, जिथे सुट्टीच्या दिवशी स्थानिक कुटुंबे जेवणाची भांडी घेऊन आलेली असतात आणि दोघांना एकांत असा फारसा मिळतच नाही. गोड कथेला ही गर्दी फार उपकारक ठरते. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा हंगाम असल्यामुळे दोघांना वादळात एका खोलीत अडकवण्याचा मोह आपल्याला होईल, पण तो प्रसंग इतक्यांनी लिहिला आहे की तो टाळलेलाच बरा. तिथे वादळाचे इशारे चार टप्प्यांत दिले जातात. पहिला इशारा मिळताच भेट अर्धी सोडून तो आजीच्या घराच्या खिडक्या पक्क्या करायला जातो, एवढे पुरेसे आहे, कारण त्यातून नायिकेला त्याचे घर कळते.

खरा ताण त्या तरुणाच्या मराठीपणात आहे, आणि आपण तो पूर्णपणे सोडून दिला आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांच्या वंशजांपैकी तो एक आहे. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलली जाते; मराठी त्याला शाळेतून आणि गणपतीच्या आरत्यांमधून आलेली आहे. आपण त्याच्या तोंडी सदाशिव पेठेतली वाक्ये घातली आहेत, ती काढून टाका. दोघे ढोल पुरीच्या गाडीपाशी उभे आहेत असे समजा. पुरणपोळीसारख्या दिसणाऱ्या, पण आत वाटाण्याची डाळ भरलेल्या दोन पातळ पोळ्या, त्यांवर घेवड्याची रस्सेदार भाजी, टोमॅटोचा रुगाय म्हणजे मसालेदार रस्सा आणि मिरचीची चटणी, आणि हे सगळे कागदात गुंडाळलेले. ती हरखून म्हणते, ‘म्हणजे तुम्ही आमच्यातलेच!’ तो हसतो, पण त्याला ते पटत नाही, कारण तो मॉरिशियन आहे आणि पाच पिढ्यांनंतर कोणाच्या तरी ‘आमच्या’त सामावून घेतले जाण्याची त्याला गरज वाटत नाही. सुखकर्ता दुःखहर्ता त्याला तोंडपाठ आहे, पण तिचा विनोद मात्र समजत नाही. तिने त्याला आपल्यासारखा म्हणून न पाहता तो जसा आहे तसा पाहायला शिकणे, ही कथेची वाट आहे, आणि परतीच्या तिकिटावरची तारीख त्या वाटेला मुदत घालून देते.

प्रश्न : अशा कथेत शेवटी लग्न ठरलेच पाहिजे का? आणि जवळीक किती दाखवावी? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोघे एकमेकांचे राहणार याची खात्री वाचकाला हवी असते, ती देण्यासाठी लग्नाची गरज नाही. जवळिकीबाबत म्हणाल तर हातात हात घेण्यापूर्वीचा संकोच दोन पाने लिहिता आला, तर त्यापुढचे वर्णन गाळल्याने काही बिघडत नाही. शेवट मात्र ‘फोनवर बोलत राहू’ अशा मोघम वचनावर सोडू नये. वरच्या प्रश्नातली कथाच घ्या: मॉरिशसचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे फोन करणे मुळीच अवघड नाही, आणि अवघड नसलेल्या गोष्टीने प्रेम सिद्ध होत नाही. कोणाला तरी काहीतरी सोडावे लागेल असा निर्णय हवा. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या तरुणाच्या घरी गणपती बसतो, तेव्हा तो येऊ शकणार नाही; म्हणून त्या वर्षी घरचा गणपती सोडून तिनेच जावे, आणि शेवटच्या प्रकरणात तिने ही गोष्ट आईला सांगावी.