एवढं केलं, तरी पोरगं रडलंच

“मॅडम, एवढं केलं, तरी पोरगं रडलंच. याला कशाची किंमतच नाही.”

मी मुलांची समुपदेशक. शाळांच्या सुट्ट्या संपल्या की हे वाक्य माझ्यासमोरच्या खुर्चीतून हमखास येतं. सहल कधी कोकणातली असते, कधी महाबळेश्वरची. या वेळी जैसलमेरची होती. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि आईवडिलांना विचारूनच लिहिते आहे. मुलाला सोनू म्हणू.

सोनूचे वडील नाशिकमधल्या अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत, घर इंदिरानगरला. डिसेंबरच्या शेवटी सोनूला सात पूर्ण होणार होती. शिल्लक रजा, थोडी बचत, रेल्वेने जोधपूर आणि तिथून पुढे जैसलमेर. वाढदिवसाचा दिवस वाळवंटात, हे वडिलांनी चार महिने आधीच ठरवलं होतं. सोनूला मात्र काहीच सांगितलं नव्हतं. सरप्राइज.

त्या एका दिवसात त्यांनी काय काय पाहिलं, ते वडिलांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. पहाटे पाचला उठून तयारी. मग किल्ला, 1156 साली रावळ जैसलनं वसवलेला, पिवळ्या दगडाचा, आत अजून माणसं राहतात. मग पटवांच्या हवेल्या, गडीसर तलाव, दुपारी कुलधरा आणि तिथून सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या. उंट, जीप, सूर्यास्त, आणि रात्री तंबूंच्या कॅम्पवर शंभरेक अनोळखी लोकांसमोर स्टेजवर केक. दिवे घालवले, मेणबत्ती पेटली, माइकवरून सोनूचं नाव पुकारलं गेलं आणि सोनू किंचाळून टेबलाखाली शिरला. बाहेर ओढल्यावर त्यानं केकला लाथ मारली. वडिलांनी सगळ्यांदेखत कानाखाली दिली.

घरी येऊन तीन आठवडे झाले तरी बापलेकांत धड बोलणं नव्हतं. आईचा प्रश्न होता, “हा कृतघ्न निघालाय की याला काही त्रास आहे?”

खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मीही घाई केली. वहीत लिहिलं, ‘गर्दी, मोठा आवाज सहन होत नाही?’ मग सहज विचारलं, गणपतीत काय करतो? आई हसलीच. मिरवणुकीत नाशिक ढोल वाजायला लागला की हा सगळ्यात पुढे नाचतो म्हणे. लग्नात, वर्गात, बाजारात कुठेच तक्रार नाही. तसं सगळीकडेच होत असतं तर मी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. इथे वहीतली ओळ खोडली.

पुढच्या भेटीत तिघांना कागदाची एकेक लांब पट्टी दिली. पहाटे पाच ते रात्री नऊ, तासाला एक घर, सोळा घरं. त्या दिवशी प्रत्येक तासाला आपल्याला कसं वाटत होतं, ते रंगानं भरायचं. आवडलं तर हिरवा, बरं होतं तर पिवळा, चिडचिड झाली तर लाल, भीती वाटली तर काळा. एकमेकांचं बघायचं नाही.

सोनूनं पटापट भरलं. सकाळ पिवळी. किल्ल्यावर एक हिरवं घर, कारण “तिथं लोकांनी कपडे वाळत घातले होते.” आमच्या नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर कुणी राहत नाही, त्यामुळे किल्ल्यात दोरीवर टॉवेल बघून त्याला मजा वाटली असणार. दुपारी तीनचं घर काळं. मग एक लाल, मग एक हिरवं आणि सहापासून शेवटपर्यंत सगळं काळं.

“तीनला काय झालं रे?”

“तिथं भूत आहे.”

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव. एकोणिसाव्या शतकात लोक ते सोडून गेले. जुलमी करामुळे की पाणी आटल्यामुळे, यावर एकमत नाही. पण पर्यटकांना कर आणि पाणी कोण सांगणार? तिथल्या माणसानं शाप सांगितला, रात्री येणारे आवाज सांगितले. मोठी माणसं हसली. सोनू त्यानंतर लघवीला एकटा गेला नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही. थोड्या वेळानं उंटावर बसवलं. उंट आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे वर बसलेला माणूस एकदम पुढे फेकल्यासारखा होतो. सोनू ओरडला तेव्हा वडील म्हणाले, “घाबरट कुठला.” सूर्य मावळल्यावर वाळू भराभर गार होते. अंगात जरीचा कुर्ता होता. स्वेटर फोटोत वाईट दिसतो म्हणून काढलेला. जेवण दुपारी एकचं. आणि अशा मुलाभोवती अचानक सगळा अंधार झाला. मी असते तरी टेबलाखाली गेले असते.

आईची पट्टी बघून मला जास्त आश्चर्य वाटलं. पहाटे सहाचं एकच घर हिरवं, हॉटेलच्या गच्चीवर एकटीनं घेतलेला चहा. दुपारनंतर सलग लाल. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “पाय दुखत होते. पण तुम्ही एवढं केलं होतं, कसं बोलणार?”

वडिलांनी पट्टी कोरीच ठेवली होती. “मला सुचतच नाही मॅडम. मी दिवसभर घड्याळ बघत होतो.” मग बऱ्याच वेळानं, “आमच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे आईनं ओवाळायचं आणि वाटीभर शिरा. म्हटलं, याचा तरी जोरात करू.”

सात वर्षांच्या मुलाला खर्च मोजता येत नाही, रजा मोजता येत नाही. त्याला भूक, थंडी, झोप आणि भीती कळते. ती त्यानं लाथ मारून सांगितली, कारण तोंडानं सांगायला त्या दिवसात जागाच नव्हती. लाथ चांगली नव्हे, हे त्याच्याशी वेगळं बोललेच. पण कृतज्ञतेचा हिशेब मांडायचं हे वय नाही, असं मी दोघांना स्पष्ट सांगितलं. पुढच्या सहलीला दिवसात एकच मोठं ठिकाण, जेवण वेळेवर आणि तासभर काहीच न ठरवलेलं, एवढंच सुचवलं. मुलाला काय होणार ते आदल्या रात्री सांगायचं. सरप्राइज द्यायचंच तर ते खिशात मावेल एवढं. थपडेबद्दल वडिलांनी स्वतः बोलावं, असंही म्हटलं. ते नुसतं “बघतो” म्हणाले.

उठता उठता त्यांचं लक्ष पुन्हा सोनूच्या पट्टीकडे गेलं. पाचचं हिरवं घर. “हे कशाचं रे?” तेव्हा ते स्वतः जीपपासून लांब उभे राहून कॅम्पवाल्याशी फोनवर केकचं बोलत होते.

“जीपवाल्या काकांनी टायरमधली हवा काढली ना, फुस्स करून.”

“का काढली?” हे त्यांना नक्की ठाऊक होतं.

सोनूनं माझ्या टेबलावर आधी मूठ ठेवली, मग पंजा सपाट पसरला. “असं झालं की रुतत नाही.”

“मग परत कधी भरली?”

“रस्ता आल्यावर. पंप मी धरला होता.”

वडील परत खुर्चीत बसले. “किती भरली? काटा बघितलास?”