मानसिक आघातातून सावरायला सद्गुण खरंच कामाला येतात का?

येतात, पण उपचाराच्या जागी नाही. सोलापुरात आमच्या मामांच्या डोळ्यांदेखत सोबत काम करणाऱ्या कामगाराचा हात यंत्रमागात गेला. पुढे कित्येक महिने मागाचा खडखडाट कानी पडला की मामांना दरदरून घाम फुटायचा. "धीर धरा, सिद्धेश्वरावर सोडा," असं जो तो सांगायचा. त्याने मामा आणखीच मिटून गेले. आपणच भित्रे, असं वाटायला लागलं. सद्गुण असा डोक्यात हाणू नये.

धैर्य लागलं ते वेगळ्याच ठिकाणी. टाळत राहिलं की भीती वाढते, म्हणून समुपदेशकांनी हळूहळू सामोरं जायला लावलं: आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग शेडच्या दारापर्यंत. मामी सोबत, हातात चहाचा थर्मास. "मी मोटर लगेच का नाही बंद केली?" हा प्रश्न मात्र धैर्याने सुटला नाही. तिथे स्वतःवर दया करावी लागली, आणि पुरुषांना तीच सगळ्यात जड जाते.

टेडेस्की आणि कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात 'आघातोत्तर वाढ' ही कल्पना मांडली, म्हणजे आघाताशी झुंजताना माणूस आतून घडूही शकतो. पण माणूस दुःखातून घडलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. क्षमेचीही घाई नको.

झोप उडाली असेल तर आधी १४४१६ लावा, फोनवरून मानसिक आधार देणारी सरकारची टेली-मानस सेवा, मोफत आहे. मराठीत बोलतात.