नवे कॉटर बसवूनही जुन्या सायकलचे पायडल एका रेषेत का येत नाहीत?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे, की वडिलांची २२ इंची काळी सायकल आपण पुन्हा वापरात आणली, चढावर जोर दिला की खालून ‘कट्’ असा आवाज येऊ लागला, म्हणून दोन्ही क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यांच्या टोकाला असतात त्या दांड्यांचे, कॉटर दुकानात नवे बसवून घेतले. आणि तेव्हापासून आवाज तर राहिलाच, शिवाय दोन्ही पायडल एका सरळ रेषेत राहत नाहीत. माझ्या मते येथे दोन निराळे दोष आहेत. त्यांपैकी रेषेचा दोष बहुधा कॉटर बसवतानाच झालेला आहे, तेव्हा क्रँक वाकला आहे असे समजून तो ठोकून सरळ करण्याच्या फंदात आपण इतक्यात पडू नये.

कॉटर ही मुळात एक पाचर आहे; ती क्रँकला ॲक्सलवर, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, पक्के धरते. तिची एक बाजू उतरती घासलेली असते आणि ती ॲक्सलवरील सपाट खाचेवर घट्ट बसते. त्यामुळे ज्या दिशेने आपण ती ठोकतो, त्यानुसार क्रँक ॲक्सलवर किंचित एका अंगाला कलतो. दोन्ही क्रँक ॲक्सलभोवती एकाच अंगाला कलले तर ते एकमेकांच्या रेषेतच राहतात, पण एक इकडे आणि दुसरा तिकडे कलला तर फरक दुप्पट होऊन डोळ्यांना दिसू लागतो. तपासणी सोपी आहे. उजवा क्रँक पुढे आडवा आणून त्याच्या कॉटरचा नट वर आहे की खाली, हे पाहावे. मग डावा क्रँक तसाच पुढे आणून त्याचा नट पाहावा. दोन्ही नट एकाच बाजूला असले पाहिजेत. एक वर आणि एक खाली असेल, तर कोणताही एक कॉटर काढून उलट्या बाजूने बसवला की काम झाले. मी स्वतः एकदा ही चूक करून पंधरवडाभर तशीच सायकल चालवली आणि गुडघा दुखू लागल्यावर सीटच्या उंचीला दोष देत बसलो होतो.

नट एकाच बाजूला असूनही फरक दिसत असेल, तर दोन कॉटर वेगवेगळ्या उताराचे आहेत. ते नेहमी जोडीनेच घ्यावेत आणि जाडी मोजून घ्यावेत. आपल्याकडच्या काळ्या सायकलींना बहुतेक वेळा ९.५ मिलिमीटरचा कॉटर लागतो, पण ९ मिलिमीटरचेही असतात, आणि बारीक कॉटर मोठ्या भोकात कितीही ठोकला तरी टिकत नाही.

आता आवाजाविषयी. चेन उतरवून ठेवावी आणि दोन्ही हातांनी दोन्ही क्रँक धरून सायकलच्या आडव्या दिशेने हलवून पाहावेत. दोन्ही एकदम डुगडुगले तर ॲक्सलच वाट्यांमध्ये, म्हणजे फ्रेमच्या दोन्ही बाजूंच्या छर्रे बसवलेल्या कड्यांमध्ये, सैल आहे. एकच हलला आणि दुसरा स्थिर राहिला तर त्या बाजूचा कॉटर सैल आहे. आणि काहीच हलत नसेल तर पायडल फिरवून पाहावे, कारण हा आवाज पुष्कळदा पायडलमधूनच येतो आणि बिचाऱ्या ॲक्सलवर आळ येतो. चेनव्हील, म्हणजे उजव्या क्रँकजवळचे दातेरी चाक, फिरताना आत-बाहेर डुलत असेल, तर डाव्या क्रँकचे टोकही तसेच डुलते का हे पाहावे. दोन्हीकडे डुलत असेल तर ॲक्सल वाकलेला असण्याचा संभव मोठा.

ॲक्सल सैल निघाला तर तो उघडल्याशिवाय इलाज नाही. डाव्या बाजूची बाहेरची लॉक रिंग आणि तिच्या आतली वाटी नेहमीच्या आट्यांची असते. उजव्या वाटीचे आटे मात्र उलटे असतात, म्हणजे ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. पायडल मारताना छर्ऱ्यांमुळे वाटी ॲक्सलच्या उलट दिशेला हळूहळू सरकू पाहते. उलट्या आट्यांमुळे ती त्या सरकण्याने सुटण्याऐवजी आवळली जाते. हे न कळल्यामुळे लांब पाना लावून, अंगाचा सगळा जोर काढून ती आणखी घट्ट करणारे लोक मी पाहिले आहेत. तिच्या आतला भाग डावीकडून विजेरीने दिसतो. तो गुळगुळीत असेल तर तिला हातच लावू नये.

रॉकेलने सगळे धुऊन ॲक्सल आणि वाट्यांच्या छर्ऱ्यांच्या वाटेवरून बॉलपेनचे टोक फिरवावे. ते कोठे अडखळले, तर तेथे खड्डा पडला आहे आणि तो भाग बदलावाच लागेल. छर्रे मात्र दर खेपेस नवेच घालावेत: पाव इंचाचे, छर्रे धरून ठेवणारी जाळी नसल्यास एका बाजूला ११. अकरा बसल्यावर थोडी फट उरते, ती तशीच ठेवावी. बारावा कोंबू नये. नवा ॲक्सल जुन्याशी लांबीने जुळवून घ्यावा आणि त्याची लांब बाजू चेनव्हीलकडे ठेवावी. उलटा बसवला तर चेनव्हील आत सरकते आणि चेन मागच्या चाकावरील फ्रीव्हीलच्या रेषेत राहत नाही. वाटी बदलायची असल्यास एक सावधगिरी आवश्यक आहे. बाजारातल्या सर्वसाधारण वाटीला इंचाला २४ आटे असतात, तर इंग्लंडच्या नॉटिंगहॅमला बनलेल्या अनेक जुन्या रॅले सायकलींना २६. तेथे २४ ची वाटी जबरदस्तीने फिरवली तर फ्रेमचेच आटे जातात.

घट्टपणा ठरवताना डावी वाटी हलकेच अडेपर्यंत आवळून किंचित मागे घ्यावी आणि एका पान्याने तिला धरून दुसऱ्याने लॉक रिंग कसावी. रिंग कसताना वाटीही थोडी आवळली जाते, म्हणून हा प्रयोग दोन-तीनदा करावा लागतो. चेन नसताना क्रँक सहज फिरला पाहिजे आणि टोकाला डुगडुग जाणवता कामा नये.

कॉटर ठोकताना क्रँकखाली, अगदी कॉटरच्या भोकाला लागून, जमिनीवर टेकलेल्या जाड लोखंडी नळीचा आधार द्यावा; माझ्या सायकलचा कॉटर एका दुकानात आधाराशिवाय ठोकला गेला आणि प्रत्येक घाव छर्ऱ्यांवर बसून नवी वाटी महिन्याभरात खड्ड्यांनी भरली. नट आवळून कॉटर आत ओढण्याचा मोहही टाळावा, कारण त्याचे आटे लगेच झडतात. नटाचे काम बसलेला कॉटर धरून ठेवण्याचे आहे. पहिले दहा-पंधरा किलोमीटर झाल्यावर तोच आधार देऊन दोन्ही कॉटरवर पुन्हा एकेक घाव घालावा आणि नट कसून घ्यावेत.