आजोबा कॅमेरा दिसला की ताठ बसतात!

प्रश्न : माझे आजोबा ८६ वर्षांचे आहेत. त्यांचं रोजचं जगणं फोटोंत टिपून ठेवायचंय. पण कॅमेरा दिसला की ते शर्टाची बटणं लावून ताठ बसतात आणि पासपोर्टच्या फोटोसारखा चेहरा करतात. खोलीत उजेड बेताचाच. फ्लॅश मारला तर वैतागतात, नाही मारला तर फोटो हलतो. त्यात त्यांचे हात थरथरतात. आई म्हणते, 'असे थकलेले फोटो हवेत कशाला?' काय करू?

उत्तर : आधी तो ताठ बसलेला फोटो काढूनच घ्या, तोही मन लावून. आपण कसं दिसावं हे ठरवायचा हक्क ८६व्या वर्षीही असतो. फोटो दाखवलात की बहुतेक ते 'झालं एकदाचं' म्हणून आपल्या उद्योगाला लागतील. तुमचं काम तिथून पुढे सुरू.

त्यांचे फोटो काढू नका, त्यांच्या कामांचे काढा. हात रिकामे असले की माणूस कॅमेऱ्याकडे बघतो. दाढी करणं, चष्मा पुसणं, गोळ्यांची डबी भरणं, वर्तमानपत्राची घडी घालणं. यातलं एकच निवडा आणि रोज त्याच वेळी तिथे जाऊन बसा. बसा म्हणतोय, कारण उभ्याने वरून काढलेल्या फोटोत माणूस खुजा दिसतो. सुरुवातीला कॅमेरा नुसता मांडीवर असू द्या.

फ्लॅश बंदच. खुर्ची खिडकीजवळ अशी सरकवा, की उजेड बाजूने येईल. खिडकी पाठीमागे असली तर चेहरा काळा पडतो. शटर, म्हणजे फोटो टिपला जाण्याचा वेळ, १/१२५ सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ आणणारं सेटिंग, १६०० किंवा ३२०० पर्यंत खुशाल चढवा. त्याने फोटोत बारीक दाणे आले तर बिघडत नाही. मग कधीतरी उलटं करा: कॅमेरा टेबलावर टेकवून शटर १/१५ सेकंदावर आणा. चेहरा बऱ्यापैकी स्थिर येईल आणि हात हललेले. मला तर तोच फोटो खरा वाटेल. मोबाइल असेल तर ब्यूटी मोड आधी बंद करा आणि वाइड लेन्स तोंडाजवळ नेऊ नका, नाक भलतंच मोठं येतं.

आता आईचं. रिचर्ड अ‍ॅव्हेडन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९६९ ते १९७३ या काळात आपल्या आजारी वडिलांचे फोटो काढले. मागे कोरी पांढरी पार्श्वभूमी, समोर खंगत गेलेला चेहरा. फोटो थोर आहेत, पण आईला भीती वाटते ती बहुधा अशाच फोटोंची. तुमच्या फोटोंत घर येऊ द्या: खुर्चीचा झिजलेला हात, चपलांची जागा, त्यांना बसल्या जागेवरून दिसणारी खिडकी. मग ते नुसत्या थकव्याचे फोटो राहत नाहीत. एखादा आईला तिच्या वडिलांसोबत बसवून काढलात, तर तिचा विरोध आपोआप मवाळ होईल.

कवळी काढलेली असताना, आंघोळीच्या वेळी, दुखण्यात विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नका. विसरायला होत असेल, तर दर वेळी नव्याने विचारा. घरच्या ग्रुपवर टाकायची परवानगी वेगळी घ्यायची, काढू दिला म्हणजे दाखवू दिला असं नाही. अधूनमधून छोट्या प्रिंट काढून त्यांच्यापुढे ठेवा आणि निवड त्यांना करू द्या. 'हा नको' म्हणाले तर त्यांच्यादेखत पुसा. तुम्हाला कितीही आवडलेला असला तरी.