तो फोड, ती फोड

गुहागरहून एका वाचकाने विचारलंय: "आईला पेंफिगस झालाय. वाडीत सगळे नागीणच म्हणतात. मराठीत हा शब्द चालेल ना?"

नाही चालणार. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबून बसतो आणि पुढे कधीतरी अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा उठतो. पेंफिगस हा त्वचेवर आणि तोंडात फोड आणणारा आजार, पण तो विषाणूचा रोगच नव्हे. आमच्या शेजारच्या काकूंना आधी तोंडात फोड आले, मग पाठीवर. नागीण समजून घरच्यांनी दोन महिने गेरू लावला, तोवर पाठ सोलवटून निघाली. म्हणून या शब्दावर माझा एवढा राग.

आपल्या तोंडी असलेला 'फोड' हाच खरा नेमका शब्द. काही जाणकार तो 'फुगणे'शी जोडतात, ते मला साफ अमान्य आहे. संस्कृत 'स्फोट', प्राकृत 'फोड'; धातू स्फुट्, म्हणजे फुटणे, दुभंगणे. पाठीवरचा तो फोड आणि हापूसची ती फोड सख्खी भावंडं. नारळ फोडतो तेही तेच, आणि मोहरी तडतडवणारी फोडणीही मी याच घरातली मानतो. ग्रीक 'पेंफिक्स' म्हणजे नुसता बुडबुडा. ग्रीकांना फुगवटा दिसला, आपल्याला फूट दिसली!

आणि रोग होतो तो फुटीनेच. जांभ्याची भिंत बघा. चिरे म्हणजे त्वचेच्या पेशी. दर्जांत, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांत, भरलेला चुना म्हणजे त्यांना धरून ठेवणारी डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं. एरवी रोगजंतूंशी लढणारी शरीराचीच प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) या प्रथिनांवर उलटतात. बॉयटनर आणि जॉर्डन या संशोधकांनी १९६४ साली ती रुग्णांच्या रक्तात दाखवून दिली. चिरा शाबूत, पण दर्जा सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. फूट आधी, फुगवटा मागाहून. वरचा पापुद्रा पातळ, त्यामुळे जरा घासलं तरी फोड फुटतो. 'पेंफिगॉइड' या नावाने जवळच्या, पण वेगळ्या आजारात मात्र भिंत अख्खी राहून जोत्यावरून सुटते, म्हणजे त्वचेचा वरचा थर सबंधच खालच्या थरापासून निघतो. तिथले फोड ताठ, आणि बहुधा उतारवयातले.

'प्रतिकारशक्ती कमी झाली' हेही बोलू नका. ती कमी झालेली नाही, फितूर झाली आहे. भाऊबंदकीत घर फोडतात ना, तसं ती अंग फोडते.

आईच्या कागदांवर पेंफिगसच राहू द्या. वाडीत कुणी विचारलं तर फोडांचा आजार म्हणा, आणि गेरू घेऊन कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा.