'भ्रूणहत्या' हा शब्द आधी सोड

प्रिय,

"गर्भपात हा बाईचा हक्क म्हणता, मग मुलीचा गर्भ पाडला की आरडाओरडा का करता?" असं भर सभेत कुणी विचारलं आणि तू गप्प झालीस. वाईट वाटून घेऊ नकोस. विचारणाऱ्याचा हेतू खोडसाळ असेल, पण प्रश्न खरा आहे, आणि निम्मा दोष आपल्याच भाषेचा आहे.

वर्षानुवर्षं आम्ही पोस्टरांवर 'स्त्रीभ्रूणहत्या' लिहीत आलो. मीही लिहिलंय. मुलीचा गर्भ पाडणं ही हत्या, तर मुलाचा पाडणं काय? त्या एका शब्दानं आपण प्रत्येक गर्भपात खुनाच्या रांगेत नेऊन बसवला. 'गर्भलिंगनिवड' म्हण. आपला आक्षेप गर्भपाताला नाही, मुलगी आहे म्हणून नाकारण्याला आहे. कायद्यातही या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत: 1971 चा कायदा ठरावीक अटींवर गर्भपाताला परवानगी देतो, 1994 चा लिंगनिदानावर बंदी घालतो. महाराष्ट्रानं तर असं नियमन 1988 मध्येच आणलं होतं.

"पण तिनंच तसं ठरवलं असेल तर?" हेही विचारतील. तेव्हा सांग, की उलट सिद्ध होईपर्यंत तिच्यावर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी दबाव आणला, असंच 1994 चा कायदा धरून चालतो. घरात तिचं किती चालतं हे ओळखूनच ते कलम लिहिलंय.

शब्दांचा हा घोळ साधा नाही गं. लिंगनिदानबंदीच्या कायद्याच्या धाकानं नियमात बसणारा गर्भपातही नाकारणारे डॉक्टर मी पाहिलेत. त्या बाया मग कुठे गेल्या असतील, या विचारानं आजही झोप उडते.

"तुम्ही तरी मुलींसाठी काय करता?" असं मात्र उलट सुनावू नकोस. समोरचा दुटप्पी निघाला म्हणून आपलं म्हणणं खरं ठरत नाही.

एक प्रश्न याहून अवघड आहे. गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं 24 आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. मग अपंगत्वाच्या कारणानं केलेली निवड आपल्याला कशी चालते? हा आक्षेप मला बोचतो. निर्णय बाईचाच, यावर मी ठाम आहे. पण अपंग मूल म्हणजे ओझं, असं सुचवणारं वाक्य आपल्या तोंडून अनेकदा गेलंय. कुणी हे दाखवून दिलं तर मान्य कर, सारवासारव करू नकोस.

पुढचं पत्रक छापायला देण्याआधी मला पाठव. दोघी मिळून तो शब्द शोधू.

तुझी,
ताई