वाचकांचे प्रश्न : गच्चीवरची दुर्बीण

मुलगी सहावीत आहे, ग्रहताऱ्यांचं वेड लागलंय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर गच्ची, लिफ्ट नाही. दुकानदार ७० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण सुचवतो. एक परिचित १५० मिलिमीटरच्या डॉब्सोनियनवर (फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीवर) अडून बसले आहेत. काय घ्यावं?
— वाचक, प्रतापनगर, नागपूर

आधी जिना बघा, मग दुर्बीण. १५० मिमीचा आरसा ७० मिमीच्या भिंगापेक्षा साडेचार पट प्रकाश गोळा करतो, त्यामुळे तुमच्या परिचितांचं म्हणणं चूक नाही. पण १२०० मिमी नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर) त्या दुर्बिणीची नळी सव्वा मीटरच्या आसपास असते आणि बैठकीसकट वजन पंधरा किलोच्या पुढे जातं. मोठं माणूस दोन खेपांत ती वर नेईल. मुलगी एकटी नेऊ शकणार नाही. म्हणजे आईबाबांना सवड असेल त्याच रात्री आकाश.

७० मिमीची दुर्बीण अगदीच टाकाऊ नाही. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार मोठे चंद्र, त्याचे दोन पट्टे आणि शनीची कडी तिच्यातून दिसतात. (कडी मार्च २०२५ मध्ये अगदी कडेवरून दिसत होती, आता हळूहळू पुन्हा उघडत आहेत.) घोळ असतो तो तिच्या ॲल्युमिनियमच्या काडीसारख्या तिपाईत. दुकानातच नळीला बोटाने टिचकी मारा आणि नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) बघत राहा. चित्र दोन-तीन सेकंदांत स्थिरावलं तर ठीक. पाच सेकंदांनंतरही हलत असेल तर वाऱ्याच्या झुळकीने रोज हेच होणार.

तुमच्यासाठी आम्ही १३० मिमी व्यास, ६५० मिमी नाभीय अंतराची टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन सुचवू. सहा-सात किलो वजन, एका हातात मावते. मात्र तिला जड लाकडी स्टूल हवं, साधारण दीड-दोन फूट उंच. प्लास्टिकची खुर्ची पंगतीपुरती ठीक, दुर्बिणीखाली नको. बहुधा २५ आणि १० मिमीच्या नेत्रिका सोबत येतात; त्यांनी (६५० भागिले नेत्रिकेचे मिमी) २६ आणि ६५ पट मोठं दिसतं. पुढे दुप्पट करणारं एक बार्लो भिंग घेतलं की १३० पट, आणि ग्रहांसाठी तेवढं पुरे.

शहरातल्या उजेडाने चंद्र, ग्रह आणि जोडताऱ्यांचं फारसं बिघडत नाही. मृगातला तेजोमेघ आणि कृत्तिकाही दिसतील. फिकट दीर्घिका (गॅलेक्सी) मात्र प्रतापनगरातून दिसणार नाहीत, दुर्बीण कितीही मोठी घेतली तरी.

ऑनलाइन एक दुर्बीण दिसली : ११४ मिमी, ‘६७५ पट’. खरंच एवढं दिसतं?
— वाचक, जरीपटका

गणित खरं आहे, दिसणं खोटं. नळीचं नाभीय अंतर ९०० मिमी, नेत्रिका ४ मिमी, भागाकार २२५. त्यावर तिप्पट करणारं बार्लो लावलं की ६७५. पण दुर्बिणीची उपयोगाची मर्यादा तिच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट असते, म्हणजे इथे सुमारे २२८. त्याच्या पलीकडे चित्र मोठं होतं, पण अंधारं आणि पुसट. शिवाय आपल्या डोक्यावरची हवा बहुतेक रात्री दीडशे-दोनशेच्या वर जाऊच देत नाही. २५ मिमीची प्लॉसल (चार भिंगांची) नेत्रिका (३६ पट) आणि १० मिमीची (९० पट) घ्या, ते प्लास्टिकचं बार्लो डब्यातच राहू द्या.

अशा जाहिरातींत आणखी एक गोष्ट तपासा. नळीची लांबी जेमतेम अर्धा मीटर आणि वर नाभीय अंतर १००० मिमी लिहिलेलं असेल, तर फोकसरच्या (नेत्रिका पुढे-मागे करणाऱ्या) नळकांड्यात एक दुरुस्तीचं भिंग बसवलेलं असतं. स्वस्त मालात ते बहुधा हलक्या दर्जाचं असतं आणि आरसे जुळवताना डोकेदुखी होते. ती घेऊ नका.

आणि डब्यात नेत्रिकेला लावायचं ‘सूर्यासाठी’ म्हणून छोटं काळं भिंग निघालं, तर ते फोडून टाका. सूर्याची उष्णता नेमकी तिथेच एकवटते, काच तडकते आणि डोळा जातो. सूर्याचा फिल्टर नळीच्या तोंडावर, पूर्ण व्यास झाकणारा आणि वाऱ्याने निघणार नाही असा घट्ट बसवायचा. शोधक दुर्बीणही (मुख्य नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) झाकायची.

दुर्बीण आणली, पण रात्री काहीच सापडत नाही. चुकून तारा आला तर मधोमध काळा ठिपका असलेली चकती दिसते. आरसा खराब आहे का?
— वाचक, मानेवाडा

आरसा ठीक आहे. ती चकती म्हणजे फोकस न झालेला तारा, आणि काळा ठिपका म्हणजे आतल्या छोट्या आरशाची सावली. चकती लहान होत जाईल त्या बाजूला चाक फिरवत राहा, तारा टिंब झाला की थांबा.

सापडत नाही याचं कारण शोधक दुर्बीण मुख्य नळीशी जुळलेली नाही. हे काम दिवसा करायचं, सूर्याच्या विरुद्ध दिशेला. किमान एक किलोमीटर लांबचा मोबाइल टॉवर निवडा. २५ मिमीच्या नेत्रिकेत त्याचं टोक मधोमध आणा, मग मुख्य नळी न हलवता शोधकाचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणा. १० मिमीची नेत्रिका लावून पुन्हा एकदा बारीक जुळवा. समोरच्या बिल्डिंगवरची टाकी यासाठी चालत नाही. फार जवळ असल्याने दोन्ही नळ्यांच्या दिशांत फरक पडतो.

मे महिन्यात गच्चीवरून ग्रह पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो.
— वाचक, धरमपेठ

दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो आणि तुम्ही त्या तापलेल्या हवेतून बघता. सूर्य मावळताच गच्चीवर पाणी मारलं तर थोडा फरक पडतो; पहाटे तीन-चारला बघितलं तर बराच. शेजारच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरून किंवा पत्र्यावरून नजर जाणार नाही अशा जागी बसा. क्षितिजापासून ३० अंशांच्या खालच्या ग्रहाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

दुर्बीण एसीच्या खोलीतून काढून लगेच डोळा लावलात, तरी असंच होतं. १५० मिमीच्या आरशाला बाहेरच्या तापमानाला यायला अर्धा-पाऊण तास लागतो. कारण ओळखायचं असेल तर तेजस्वी तारा मुद्दाम फोकसबाहेर न्या. चकतीत संथ लाटा उठत असतील तर उष्णता नळीत किंवा गच्चीवर आहे. भराभर सरकणाऱ्या रेघा दिसल्या तर ती वरच्या वाऱ्यांची करणी, त्यावर उपाय नाही.

विषुववृत्तीय (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारा) स्टँड नागपुरात कसा लावायचा? समतोलाच्या वजनाचा दांडा पायाला अडतो.
— वाचक, बेसा

अक्षांशाच्या पट्टीवर २१ लावा आणि अक्ष ध्रुवताऱ्याकडे करा. तो इथून क्षितिजावर साधारण तेवढ्याच अंशांवर दिसतो. अक्ष इतका आडवा असल्यामुळे वजनाचा दांडा उत्तरेकडच्या बाजूला जवळजवळ सरळ खाली लोंबतो. माहितीपत्रकात एक पाय उत्तरेला ठेवा असं असतं. तुम्ही तिपाई फिरवा आणि दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला आणा. फोटो न काढता दुर्बिणीतून नुसतं बघायचं असेल तर याहून जास्त अचूकपणा लागत नाही.

पावसाळ्यात भिंगावर जाळी धरली. कशी पुसावी?
— वाचक, महाल

ती बुरशी आहे, आणि पावसाळ्याइतकाच तुमचा कूलरही तिला कारण असू शकतो. कूलरच्या खोलीत दुर्बीण ठेवू नये. झाकणं लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून सुकवायचे. भिंगाच्या आत गेलेली बुरशी घरी काढायला जाऊ नका.

आरशावरच्या धुळीने फारसं काही बिघडत नाही, वर्षानुवर्षं राहू द्या. धुवावाच लागला तर आधी नुसती पाण्याची धार, मग भांड्याच्या सौम्य साबणाच्या एका थेंबाच्या पाण्यात भिजवलेला कापूस स्वतःच्या वजनाने सरकवायचा, दाबायचा नाही. शेवटी डिस्टिल्ड वॉटर, नाहीतर नळाच्या पाण्याचे क्षार डाग ठेवतात. उभा करून वाळू द्या. परत बसवल्यावर आरसे जुळवावे लागतील.

अंधारं आकाश जवळात जवळ कुठे?
— वाचक, सीताबर्डी

महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली. रात्री थांबण्याची परवानगी वनखात्याकडे आधी विचारून घ्या, वाघाच्या रस्त्यात तिपाई मांडू नका. पेंच आणि रामटेककडून बघताना शहराचा उजेड दक्षिणेच्या अंगाला राहतो. उत्तरेकडची देवयानी दीर्घिका तिथून सुरेख. पण नरतुरंग (सेंटॉरस) तारकासमूहातला ओमेगा हा बंदिस्त तारकागुच्छ (ताऱ्यांचा दाट गोळा) बघायचा असेल तर उलट करा. तो इथून फार तर २१ अंश वर येतो, मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास बरोबर दक्षिणेला. त्यासाठी उमरेडच्या बाजूला, कोळसा खाणींच्या दिव्यांपासून लांब, अमावास्येच्या आसपास जा. १०×५० चा (दहा पट, ५० मिमीची भिंगं) बायनोक्युलरही पुरतो, फक्त कोपर कशावर तरी टेकवा.